थांबायचे, पण मोजून

आठवी-नववीच्या वर्गात एकाच वर्षी जन्मलेल्या मुलांच्या उंचीत वीतभर अंतर असते. एकाला मिसरूड फुटलेले, आवाज जड झालेला. दुसऱ्याचा आवाज अजून बारीक, खांदे अरुंद. मागे राहिलेल्याला घरात एकच उत्तर मिळते : ‘होईल आपोआप, तुझे काकाही उशिराच वाढले.’ बहुतेक वेळा ते खरेही ठरते. पण मुलाकडे नीट न पाहताच दिलेला हा धीर म्हणजे निव्वळ अंदाज असतो आणि काही मुलांच्या बाबतीत तो महागात पडतो.

मुळात आपण पाहतो ती खूणच चुकीची. मिसरूड हा मुलाच्या वयात येण्याचा बराच उशिराचा टप्पा आहे. पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणे. तो मोजायला डॉक्टरांकडे लहानमोठ्या मण्यांची माळ असते. चार मिलिलिटरच्या मण्याएवढे वृषण झाले की सुरुवात झाली असे मानतात, मग चेहरा कितीही कोवळा दिसो. ब्रिटिश बालरोगतज्ज्ञ जेम्स टॅनर यांनी बालगृहातल्या मुलामुलींची वर्षानुवर्षे मोजमापे घेऊन 1969 आणि 1970 मध्ये या वाढीचे टप्पे मांडले. मुलींमध्ये ती साधारण 8 ते 13, मुलांमध्ये 9 ते 14 या वयात सुरू होते. पट्टा इतका रुंद असल्यामुळे मित्रांच्या मागे असणे हा पुरावा होत नाही. मात्र 13 पर्यंत मुलीच्या स्तनांची वाढ सुरू नसेल, 15 पर्यंत पाळी आली नसेल किंवा 14 पर्यंत मुलात पहिली खूण दिसत नसेल, तर तपासणी हवी.

तिथे सुरुवातीला लागते ते थोडेच : उंचीची जुनी नोंद, आईवडील केव्हा वयात आले याची माहिती, आणि डाव्या हाताचा एक्स-रे. मनगटाच्या आणि बोटांच्या हाडांवरून हाडांचे वय कळते. पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाडांचे वय साडेबारा निघाले, तो दरवर्षी पाचेक सेंटिमीटर वाढत असेल आणि वडीलही उशिरा वाढले असतील, तर काकांचा दाखला बहुधा खरा. त्याची वाढायची वेळ अजून हातात आहे. पण उंचीचा वेगच मंदावला असेल तर कारण शोधावे लागते. थायरॉइड कमी असणे, गव्हाची सिलियाक व्याधी, दीर्घ कुपोषण, थॅलेसेमियात वारंवार रक्त घेतल्याने ग्रंथींत साठणारे लोह, विदर्भात आढळणारा सिकलसेल, अशी ती कारणे असू शकतात. ‘तुला वास येतो का?’ हा साधा प्रश्नही मोलाचा असतो, कारण जन्मजात वास न येणे आणि वयात न येणे कॅलमन सिंड्रोममध्ये एकत्र असते. मुलींतल्या टर्नर सिंड्रोमचे निदान लवकर झाले तर उंचीसाठी उपचार करता येतात. हाडांची टोके जुळून गेल्यावर मात्र ती संधी उरत नाही.

निसर्गाच्या साध्या फरकाला असा आजाराचा शिक्का कशाला, असा आक्षेप घेतला जातो. आक्षेप रास्त आहे, पण तो तपासणीवर नव्हे, औषधांच्या घाईवर घ्यावा. तपासलेल्या पुष्कळ मुलांना औषध लागतच नाही; ‘सहा महिन्यांनी पुन्हा उंची मोजू’ एवढेच ठरते. फारच खचलेल्या मुलाला डॉक्टर काही महिने अल्प मात्रेत टेस्टोस्टेरॉन देतात, तेही पाहणीखाली. ज्याला कोणी तपासत नाही, तो स्वतःच उपाय शोधतो. व्यायामशाळेतून आणलेल्या स्टेरॉइडमुळे हाडांची टोके वेळेआधी जुळतात आणि ज्या उंचीसाठी ते घेतले तीच खुंटते. वयात येताना मुलग्यांच्या छातीला येणारी गाठही अशीच लपवली जाते. ती जवळपास निम्म्या मुलग्यांना येते आणि बहुतेकांची वर्षा-दोन वर्षांत जाते. हे आधी कळले असते तर पोहण्याचा तास कोणी टाळला नसता.

दुसरा अडथळा लाजेचा. कपडे काढून तपासणी म्हटले की मूल आक्रसते, आईवडीलही विषय बदलतात. ही लाज खरी आहे, तिला हसू नये. काय तपासणार आणि का, हे डॉक्टरांनी आधी मुलालाच सांगावे, त्याची परवानगी घ्यावी, खोलीत कोण थांबणार हे त्याला ठरवू द्यावे. आणि चुलत भावंडांशी तुलना करण्याआधी पालकांनी शाळेच्या प्रगतिपुस्तकातल्या उंचीच्या नोंदी काढून ठेवाव्यात. डॉक्टर पहिल्याच भेटीत त्या मागतील.