एन्ड्युरो बाईक घेताय? आधी वाट बघा, मग सीसी!

‘जास्त सीसी म्हणजे भारी बाईक’ हा हिशेब जंगलात चालत नाही, मंडळी. 🏍️

🔹 २५० फोर-स्ट्रोक: दाट झाडी, अरुंद वाटा. जोर वरच्या आरपीएमला मिळतो, म्हणून गिअर सारखे बदलावे लागतात. शिकायला उत्तम.

🔹 ३०० टू-स्ट्रोक: खडकाळ चढांची राणी! व्हॉल्व्ह-कॅमशाफ्टचा पसारा नाही, म्हणून हलकी. खालच्या आरपीएमलाही टॉर्क भरपूर. समोर दगड आला की एका बोटाने क्लच किंचित दाबून, थ्रॉटल देत सोडायचा; पुढचं चाक अलगद वर येतं. ऑस्ट्रियातली खडतर एर्झबर्गरोडिओ शर्यत रायडर ग्रॅहम जार्व्हिसने ३०० टू-स्ट्रोकवरच गाजवली.

🔹 ३५० फोर-स्ट्रोक: २५० आणि ४५० यांचा सुवर्णमध्य.

🔹 ४५० फोर-स्ट्रोक: मोकळी वाळू, लांब पल्ला. डकार रॅलीत २०११ पासून कमाल मर्यादा ४५० सीसीचीच. वजनकाट्यावर २५० पेक्षा फरक थोडा, पण इंजिनात फिरणारे भाग जड. त्यामुळे अरुंद वळणांवर ती अंगावर येते आणि हात लवकर भरून येतात.

पहिलीच एन्ड्युरो असेल तर २५० घ्या. इंजिन पूर्ण वापरता आलं, की वेग आपोआप वाढतो.

तुमच्याकडची वाट कशी आहे? कमेंटमध्ये सांगा. 👇