सकाळची पहिली गाडी

सकाळचे साडेआठ वाजले आहेत. तामलवाडीच्या थांब्यावर वीस-पंचवीस माणसे उभी आहेत. कोणाच्या हातात दुधाची किटली आहे, कोणाच्या काखेत कागदपत्रांची पिशवी आहे. पाठीला दप्तर लावलेल्या मुला-मुलींचा घोळका थोडा बाजूला उभा आहे. दुरून एक लाल गाडी दिसते. सगळे पुढे सरकतात. पण गाडी थांबत नाही. वाहक खिडकीतून हात बाहेर काढून मागे बोट दाखवतो. म्हणजे, मागून दुसरी गाडी येत आहे! ती किती मागे आहे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते.

विद्यार्थी मित्रांनो, हे दृश्य तुम्ही आपापल्या गावी पाहिले असेल. अशा वेळी आपण चालकाला आणि वाहकाला दोष देऊन मोकळे होतो. पण गाडी उशिरा का येते, कधी कधी न थांबता का जाते, हे आपण फारसे विचारत नाही. ते या पाठात पाहू.

प्रथम गाव कोठे आहे ते पाहा. सोलापूर ते तुळजापूर हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर. तामलवाडी या रस्त्यावरच आहे. गाव तुळजापूर तालुक्यात, धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यात मोडते. तहसील कचेरीचे काम असले की माणूस तुळजापूरला जातो. दवाखाना, मोठा बाजार किंवा कॉलेज म्हटले की तो सोलापूरची वाट धरतो. म्हणजे या गावाला दोन्ही दिशांची गाडी लागते.

ही जिल्ह्याची सीमा एके काळी दोन राज्यांची सीमा होती. सोलापूर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते आणि तुळजापूरचा भाग हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होता. नाणीसुद्धा वेगळी. तिकडे कलदार रुपया, इकडे हाली सिक्का. निजामाच्या रेल्वेने १९३२ साली २७ गाड्या घेऊन सरकारी बस वाहतूक सुरू केली. मुंबई राज्याची पहिली एस. टी. त्यानंतर सोळा वर्षांनी, १ जून १९४८ रोजी, पुणे ते अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) या मार्गावर धावली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आला आणि पुढे या दोन्ही बाजूंचा कारभार एका महामंडळाकडे गेला. तरीही सोलापूर आणि धाराशिव हे एस. टी.चे दोन वेगळे विभाग आहेत. प्रत्येक विभाग आपल्या आगारांच्या सोयीने गाड्या सोडतो. त्यामुळे सीमेवरच्या थांब्यावर कधी कधी दोन गाड्या पाठोपाठ येतात आणि नंतर तासभर रस्ता मोकळा असतो. तुमच्या गावी असे होत असेल, तर गाडीच्या पाटीबरोबर ती कोणत्या आगाराची आहे तेही वाचत जा. बरेच काही उलगडेल.

आता मुख्य गोष्ट. आपल्याला थांब्यावर एक गाडी दिसते. आगारातल्या अधिकाऱ्याला मात्र ती साखळीतली एक कडी दिसते. समजा, आगारातून एक गाडी सकाळी ६ वाजता निघाली. ती ७ वाजता एका खेड्यात पोहोचली आणि ८ वाजता तालुक्याच्या स्टँडवर परत आली. तीच गाडी, तोच चालक आणि तोच वाहक ८.१५ ला शहराकडे निघाले. ९.३० ला शहर, १० ला तिथून परत, दुपारी आणखी एक खेडे. अशी दिवसभराची कामे एकाच गाडीला जोडलेली असतात. आता समजा, पहिल्याच फेरीत गाडी उसाच्या ट्रॅक्टरांमागे अडकली आणि २० मिनिटे गेली. मध्ये १५ मिनिटांची मोकळी वेळ होती, ती संपली. पुढची फेरी ५ मिनिटे उशिरा सुटली. उशिरा सुटल्यामुळे थांब्यांवर माणसे जास्त जमली. माणसे जास्त, म्हणून चढायला-उतरायला आणि तिकिटे फाडायला वेळ जास्त. पाच मिनिटांची पंधरा मिनिटे झाली. दुपारी शेवटच्या खेड्यातला म्हातारा माणूस झाडाखाली बसून गाडीला बोल लावतो, तेव्हा त्याला सकाळच्या उसाच्या ट्रॅक्टरांची कल्पना नसते.

मग दोन फेऱ्यांमध्ये अर्धा-अर्धा तास मोकळा का ठेवत नाहीत? ठेवता येईल. पण तसे केले तर दिवसभरात त्या गाडीची एक फेरी कमी होते. ती फेरी कोणत्या गावची कमी करायची? या प्रश्नाचे सोपे उत्तर कोणाकडेच नाही.

गाडी न थांबण्याची कारणे वेगळी. एक तर ती आधीच भरलेली असते. नवरात्रात तुळजापूरच्या रस्त्यावर हे रोज घडते. कोजागरी पौर्णिमेला तर सोलापूरहून हजारो भाविक पायी तुळजापूरला जातात. त्या काळात या रस्त्यावरची वाहने दुसऱ्या मार्गाने वळवावी लागतात. दुसरे कारण पाटीवर लिहिलेले असते. 'जलद' गाडीला मोजकेच थांबे मंजूर असतात. आपण तिला हात करतो, ती जाते आणि आपण रागावतो. तिसरे कारण आपणच असतो. गाडीत जागा मिळावी म्हणून काही जण थांब्याच्या पन्नास पावले पुढे जाऊन उभे राहतात, काही जण मागे. थांबावे कोठे, हे चालकाला कळत नाही. अलीकडे आणखी एक अडचण आली आहे. २०१९ साली सोलापूर ते उस्मानाबाद चौपदरी रस्त्याचे लोकार्पण झाले. प्रवास वेगाने होऊ लागला, हे खरे. पण अशा मोठ्या रस्त्यांवर उड्डाणपूल असला की गाव खाली राहते आणि घाईतली गाडी वरून निघून जाते. चालत जाणाऱ्या मुलांना वेगवान वाहनांचा रस्ता ओलांडावा लागतो, ही तर माझ्या मते सर्वांत मोठी काळजी आहे.

या सगळ्यात खेड्याला खरा आधार असतो तो मुक्कामी गाडीचा. ही गाडी संध्याकाळी तालुक्याहून निघते, रात्री शेवटच्या गावी थांबते आणि पहाटे तिथूनच परत फिरते. ती नसेल, तर सकाळी गाडी आगारातून गावापर्यंत जवळजवळ रिकामी आणावी लागेल. मुक्कामी गाडीमुळे दूध, भाजी, रुग्ण आणि विद्यार्थी वेळेवर तालुक्याला पोहोचतात. मात्र चालक आणि वाहक रात्री झोपणार कोठे? ज्या गावात त्यांना स्वच्छ खोली, पाणी आणि दिवा मिळत नाही, तिथे ते गाडीतच डास मारत रात्र काढतात. (गाडीत वाहकाला 'मास्तर' म्हणतात. शाळेत आम्हीही मास्तरच. म्हणून या माणसांविषयी मला जरा जास्त आपुलकी आहे, हे कबूल करतो.) मुक्कामी गाडी टिकवायची असेल, तर गावाने त्यांच्यासाठी एक खोली नीट ठेवावी. खर्च फारसा नाही.

गाडी नसली की काय होते, ते २०२१ च्या दिवाळीपासून २०२२ च्या एप्रिलपर्यंत महाराष्ट्राने पाहिले. एस. टी. कर्मचाऱ्यांनी महामंडळ राज्य शासनात विलीन करावे म्हणून संप केला. पगार कमी आणि तोही वेळेवर नाही, हे त्यांचे दुःख खरे होते. इकडे खेड्यांतली मुले जीपगाड्यांत दाटीवाटीने बसून शाळेला येत होती. ज्यांना ते भाडे परवडत नव्हते, ती घरी राहिली. अशा वेळी मुलगा सायकल काढतो. मुलीला घरचे म्हणतात, "राहू दे आता, गाडी सुरू झाल्यावर बघू." आणि गाडी सुरू झाली तरी प्रत्येक मुलगी परत येतेच असे नाही. म्हणून मला वाटते, की शाळेच्या वेळेची गाडी ही शाळेच्या इमारतीइतकीच गरजेची वस्तू आहे.

शासनाने हे काही प्रमाणात ओळखले आहे. विद्यार्थ्यांना पासासाठी भाड्याचा फक्त एक तृतीयांश भाग भरावा लागतो. ग्रामीण भागातल्या मुलींना बारावीपर्यंत अहिल्याबाई होळकर योजनेतून पास मोफत मिळतो. २०११ पासून मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत मुलींच्या शाळेसाठी खास गाड्या देण्यात आल्या, सुरुवातीला प्रत्येक तालुक्याला ५. मार्च २०२३ पासून सर्व स्त्रियांना एस. टी.त अर्धे तिकीट झाले. पूर्वी पासासाठी स्टँडवर रांगेत उभे राहावे लागे. २०२५ च्या जूनमध्ये शाळेतच पास देण्याची मोहीम निघाली.

रेल्वेचे काय? या जिल्ह्यात पूर्वी बार्शी लाइट रेल्वेची चिमुकली गाडी येत असे. तिच्या रुळांमधले अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. १८९७ साली ती बार्शीपर्यंत आली आणि १९११ साली लातूरला पोहोचली. २००८ पर्यंत तो मार्ग रुंद झाला आणि नव्या मार्गावर जिल्ह्याच्या गावालाही स्थानक मिळाले. आता सोलापूर-तुळजापूर-धाराशिव हा सुमारे ८४ किलोमीटरचा नवा लोहमार्ग मंजूर होऊन त्याचे काम चालू आहे. तो झाला तरी स्थानकापर्यंत जायला खेड्यातल्या माणसाला एस. टी. लागेलच.

आता थोडे भाषेविषयी, कारण पुढे अर्ज लिहायचा आहे. 'अर्ज' हा शब्द तुमच्या घरचाच आहे. पण काही शब्द फसवतात. उर्दूत 'तकरार' म्हणजे वादावादी. मराठीत 'तक्रार' म्हणजे उर्दूतली शिकायत. उर्दूत 'मुकाम' म्हणजे जागा. मराठीत 'मुक्काम' म्हणजे राहणे. 'सहूलत' म्हणजे सोय. तिच्यापासून आलेली 'सवलत' म्हणजे भाड्यातली सूट. आणि पासासाठी शाळेचा 'दाखला' मागतात, तेव्हा तो प्रवेश नसतो, प्रमाणपत्र असते.

मी नोकरीच्या सुरुवातीला एका खेड्यातल्या शाळेत होतो. शाळा साडेदहाला भरे आणि तीन वस्त्यांवरच्या मुलांची गाडी अकरानंतर येई. पहिला तास रोज बुडे. नववीतल्या एका मुलीचे वडील तर तिचे नाव काढायलाच निघाले होते. आम्ही संबंधित कार्यालयाला पत्र लिहिले : "गाडी नेहमी उशिरा येते. कृपया लक्ष द्यावे." उत्तर आले नाही. पुढे मुलांनीच एक वही केली. रोज तारीख, पाटीवरची वेळ, आल्याची वेळ, चढलेल्या विद्यार्थ्यांची संख्या आणि वाहकाने सांगितलेले कारण. तीन आठवड्यांनी वही वाचली, तेव्हा आम्हीच चकित झालो. गाडी रोज जवळजवळ ठरल्या वेळी येत होती. चूक पाटीवरच्या वेळेत होती. ती शाळेच्या वेळेला जुळतच नव्हती. फक्त मंगळवारी, आठवडी बाजारामुळे, ती खरोखर उशिरा येत होती.

दुसऱ्या अर्जात आम्ही एवढेच मागितले, की ही फेरी ४० मिनिटे आधी सोडावी. सोबत वहीची नक्कल आणि ५३ मुलांची नावे जोडली. या वेळी एक अधिकारी स्वतः आले. ते म्हणाले, "४० मिनिटे दिली तर पलीकडच्या गावची सकाळची गाडी चुकते. २५ देतो." आम्ही मुख्याध्यापकांशी बोललो. शाळा पंधरा मिनिटे उशिरा भरवायचे ठरले. पुढच्या महिन्यापासून मुले प्रार्थनेला हजर राहू लागली. ती नववीतली मुलगीही. मंगळवारचा बाजार मात्र कोणालाच हलवता आला नाही. म्हणून मंगळवारी पहिला तास चित्रकलेचा ठेवला.