पोटातली वस्ती आणि बहरीनचं ताट

बहरीनच्या उत्तर किनाऱ्यावर कलात अल-बहरीन हा जुना किल्ला आहे. 2005 पासून तो जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या उत्खननात काही खोल्या सापडल्या, त्यांची जमीन शेतातल्या सरी-वरंब्यासारखी. अशा खोलीला म्हणतात मदबसा. वरंब्यांवर खजुराची पोती एकावर एक रचायची. उन्हाळ्याच्या उष्म्याने आणि वरच्या पोत्यांच्या भाराने खालच्या खजुरांतून पाक पाझरायचा, सऱ्यांतून वाहत जायचा आणि जमिनीत पुरलेल्या घड्यात जमायचा. हा पाक म्हणजे दिब्स. बहरीनमध्ये आजही तो खातात.

आता याच बेटावरच्या जुन्या कबरींकडे वळा. तिथल्या सांगाड्यांचे दात अभ्यासकांनी तपासले, तेव्हा किडलेले आणि हयातीतच पडून गेलेले दात मोठ्या संख्येने दिसले. त्यांनी बोट दाखवलं ते चिकट, गोड खजुराकडे.

पोटाची गोष्ट दातांपासून सुरू करायला कारण आहे. तोंड हे पचनसंस्थेचं महाद्वार. हिरड्यांचा जुनाट आजार आणि मधुमेह यांचं नातं दुहेरी आहे: साखर वाढली की हिरड्या बिघडतात आणि हिरड्या बिघडल्या की साखर आवरत नाही. मधुमेह्याने दातांच्या डॉक्टरकडे वर्षातून एकदा तरी जावं, असं सांगतात ते यासाठी.

पण म्हणून खजुराला खलनायक ठरवू नका. शंभर ग्रॅम खजुरात साठ ग्रॅमच्या वर साखर असते हे खरं, पण सात-आठ ग्रॅम चोथाही असतो. इंग्लंडमध्ये 22 निरोगी माणसांना तीन आठवडे रोज सात खजूर देऊन पाहिले. पोटातल्या जिवाणूंत लक्षणीय फरक पडला नाही, पण पोट मात्र जास्त नियमित साफ होऊ लागलं. रोज सात खजूर मधुमेह्याने खायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नकोच.

वस्ती केवढी?

आपल्या शरीरात पेशींच्या दहापट जिवाणू असतात, असं अनेक वर्षं छापून येत होतं. 2016 मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी नव्याने हिशेब मांडला: जिवाणू सुमारे 38 लाख कोटी, माणसाच्या पेशी सुमारे 30 लाख कोटी. म्हणजे जवळपास बरोबरी. सगळ्या जिवाणूंचं मिळून वजन 200 ग्रॅमच्या आसपास आणि बहुतेकांचा मुक्काम मोठ्या आतड्यात.

निखी: सगळ्यात स्वस्त औषध

बहरीनच्या न्याहारीत निखी असते, म्हणजे उकडलेले छोले. सोबत बाजेला, म्हणजे उकडलेल्या बाकल्याच्या शेंगांचे मोठे दाणे. त्यात वाळवून काळं केलेलं लिंबू पडतं, त्याला तिथे लूमी म्हणतात. आंबूस, किंचित कडवट, धुरकट वास. वर सुकी मिरची. रमजानच्या रात्रींतही हे वाडगे फिरतात. आपल्या उसळीचं हे सख्खं भावंड आहे, आणि मला विचाराल तर अख्ख्या बहरीनी ताटात पोटाला याहून भलं काही नाही.

कारण असं. छोल्यातला चोथा आपल्याला पचत नाही, तो मोठ्या आतड्यापर्यंत तसाच पोचतो. तिथले जिवाणू तो आंबवतात आणि त्यातून ब्युटिरेट नावाचं आम्ल तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः याच आम्लावर जगतात. चोथा मिळाला नाही, तर? 2016 मध्ये उंदरांवर झालेल्या एका प्रयोगात याचं उत्तर दिसलं: उपाशी जिवाणूंनी आतड्याच्या आतला चिकट संरक्षक थरच खायला घेतला. थर पातळ झाला आणि रोगजंतूंना आत शिरायला वाट मिळाली. जिवाणूंचे अंश असे रक्तात झिरपत राहिले की शरीरात मंद, न दिसणारा दाह धुमसत राहतो. मधुमेह, लठ्ठपणा, हृदयविकार या सगळ्यांत हा दाह सापडतो. नेमका किती दोष आतड्याचा, यावर संशोधकांचं काम चालू आहे, पण छोले खायला त्या निकालाची वाट पाहायची गरज नाही.

एक जनुक, दोन किनारे

ही या लेखातली सगळ्यात विलक्षण गोष्ट. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार विदर्भात आणि नंदुरबारच्या आदिवासी भागात घरोघर माहीत आहे. बहरीनमध्येही तो मोठा आहे, इतका की 2004 च्या कायद्याने तिथे लग्नाआधीची तपासणी सक्तीची झाली. दोन्हीकडच्या रुग्णांत बहुतांशी सापडणाऱ्या जनुकाच्या प्रकाराला शास्त्रज्ञ ‘अरब-भारतीय’ म्हणतात. मधे अख्खा अरबी समुद्र, तरी जनुकाचं मूळ एकच.

आणि याचा पोटाशी संबंध आहे! या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबतात. त्या एकट्या तुंबवत नाहीत. म्हाताऱ्या झालेल्या काही पांढऱ्या पेशी वाहिनीच्या भिंतीला चिकटतात आणि जाणाऱ्या तांबड्या पेशींना धरून ठेवतात. 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की या पांढऱ्या पेशींना म्हातारं करणारे इशारे आतड्यातल्या जिवाणूंकडून येतात. सिकलसेल झालेल्या उंदरांच्या पोटातले जिवाणू प्रतिजैविकं देऊन कमी केले, तर अशा पेशी घटल्या आणि वाहिन्यांतला अडथळाही कमी झाला. हा पुरावा मुख्यतः उंदरांवरचा आहे, तेव्हा कुणी मनाने गोळ्या सुरू करू नयेत. पण वेदनेने तळमळणाऱ्या मुलाच्या आजाराची एक दोरी त्याच्या आतड्यात आहे, हे कळणंसुद्धा किती मोठं आहे!

अळू, ऊन आणि मूतखडा

आखाती उन्हात घाम इतका जातो की लघवी घट्ट होते आणि खडे धरतात. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. अळूने घसा खाजतो तो याच ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, म्हणून तर आपण फतफत्यात चिंच घालतो. आतड्यात एक जिवाणू असा आहे की त्याचं अन्नच ऑक्झलेट: ऑक्झलोबॅक्टर फॉर्मिजेनेस. तो ज्यांच्या पोटात आहे, त्यांना असे खडे पुन्हा होण्याचं प्रमाण कमी आढळलं आहे. काही प्रतिजैविकांनी तो नाहीसा होतो. सर्दी-पडशाला उगाच प्रतिजैविक घेऊ नका, याचं हे आणखी एक कारण. आणि पाणी प्या, तहान लागायच्या आधी.

महियावा आणि ताक

महियावा हे बारीक मासळी, मीठ आणि मसाले मुरवून केलेलं तपकिरी कालवण. कागदासारख्या पातळ, कुरकुरीत रगाग रोटीवर ते फासतात. वास उग्र, चव त्याहून जोरकस. मिठाचं प्रमाण भरपूर, तेव्हा रक्तदाब असेल तर बोटभरच. त्यापेक्षा लबन बरं, ते आपलं ताकच. स्टॅनफर्डमध्ये 2021 साली 36 जणांवर दहा आठवड्यांचा प्रयोग झाला. दही, केफिरसारखे आंबवलेले पदार्थ भरपूर खाणाऱ्यांच्या पोटातले जिवाणू अधिक विविध झाले आणि रक्तातली दाहाची लक्षणं उतरली. जेवणानंतर ताक पाजणाऱ्या आज्यांना हा शोधनिबंध दाखवायला हवा.

गोड पेयांवर कर

30 डिसेंबर 2017 पासून बहरीनने सोडायुक्त शीतपेयांवर 50 टक्के आणि एनर्जी ड्रिंकवर 100 टक्के अबकारी कर लावला. उत्तम केलं. महाराष्ट्रातल्या शाळांबाहेरच्या टपऱ्यांकडे पाहताना हे आठवतं.

गाव सुटलं की

2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात थायलंडमध्ये राहणाऱ्या आणि तिथून अमेरिकेत येऊन स्थायिक झालेल्या ह्मोंग आणि करेन समाजाच्या शेकडो बायकांची पाहणी झाली. नव्या देशात आल्यावर काही महिन्यांतच पोटातले जुने जिवाणू घटू लागले, त्यात चोथा फोडणारेही होते. पुढच्या पिढीत विविधता आणखी उतरली. बहरीनमध्ये तीन लाखांवर भारतीय आहेत, त्यांत आपली मराठी कुटुंबंही. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. योगेश शौचे यांच्या गटाने भारतीयांच्या पोटात प्रीवोटेला हा जिवाणू ठळकपणे आढळतो, असं दाखवलं आहे. धान्य-डाळींच्या जेवणावर वाढणारा हा गडी. बहरीनच्या राजधानीत, मनामात, राहूनही ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ सोडू नका. कालचा भात फ्रिजमध्ये ठेवून दहीभात केलात तर उत्तमच, कारण शिजवून गार झालेल्या भातातला काही पिष्टमय भाग न पचता जिवाणूंच्या वाट्याला जातो.

बी-12 ची अडचण

बी-12 जीवनसत्त्व कोणतीही वनस्पती करत नाही, कोणताही प्राणी करत नाही. ते करतात फक्त सूक्ष्मजीव. आपल्या मोठ्या आतड्यातही ते बनतं, पण शोषलं जातं त्याच्या आधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. म्हणजे माल तयार होतो तो दुकान मागे पडल्यावर. म्हणून शाकाहारी माणसाला दूधदुभतं किंवा गोळी लागते. त्यात मधुमेहावरचं मेटफॉर्मिन हे औषध. ते साखर उतरवतं त्यातही आतड्यातल्या जिवाणूंचा वाटा आहे असं दिसलंय, पण दीर्घकाळ घेतलं तर बी-12 चं शोषण घटतं. मग पायाला मुंग्या येतात आणि त्या मधुमेहाच्याच समजून अंगावर काढल्या जातात. मनामात असा की मिरजेत, मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर पुढच्या खेपेला डॉक्टरांना बी-12 ची तपासणी नक्की करायला सांगा.