कॅमेऱ्याची पारख

१९७५ साली अमेरिकेत स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने डिजिटल कॅमेऱ्याचा आद्य नमुना तयार केला. त्याच्या चित्रात अवघे १०,००० बिंदू होते. आज ही संख्या कोटींत मोजतात आणि विक्रेते तिचीच थोरवी गातात. परंतु बिंदू अधिक म्हणजे चित्र सरस, असे नव्हे. प्रकाश टिपणारे सेन्सर नावाचे पटल लहान असेल, तर प्रत्येक बिंदूच्या वाट्याला प्रकाश थोडा येतो. मग मंद उजेडात चित्र रवाळ दिसते. हे आकड्यांवरून कळत नाही, वापरणाऱ्यांच्या अनुभवावरून कळते. मात्र पक्षी टिपणाऱ्याची गरज निराळी, समारंभ टिपणाऱ्याची निराळी. शिवाय नुसत्या स्तुतीपेक्षा सकारण दाखविलेला दोष अधिक उपयोगी पडतो. म्हणूनच म्हणतात, ऐकावे जनाचे, करावे मनाचे.