आभाळातला पहारेकरी दुपारी दीडला येतो
पंजाबातील धुरावर उपग्रहाची नजर. नजर चुकवता येते, धूर लपत नाही

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला की पंजाब-हरियाणातील भातशेतांना आगी लागतात आणि तिकडे दिल्लीकरांचा श्वास कोंडतो, ही बातमी आपण दरवर्षी वाचतो. कंबाइन हार्वेस्टर भात कापून जातो, मागे धसकटे आणि काड उरते. तिकडे त्याला पराली म्हणतात. भूजल वाचवण्यासाठी पंजाबने २००९ साली कायदा करून भाताची लावणी जूनमध्ये ढकलली. त्यामुळे कापणीही लांबली. पुढे गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे उरतात. अशा घाईत आगपेटीची काडी सगळ्यात स्वस्त पडते!

पण लाखो एकरांत कोणत्या शेतात आग लागली, हे सरकारला कळते कसे?

उष्णतेवरून माग

हे काम उपग्रह करतात. २०११ साली सोडलेला सुओमी एनपीपी आणि २०१७ चा नोआ-२० हे अमेरिकन उपग्रह सुमारे सव्वाआठशे किलोमीटर उंचीवरून फिरतात. पेटत्या जागेतून निघणारी उष्णता त्यांच्यावरील यंत्र टिपते. शेजारच्या जमिनीपेक्षा एखादा तुकडा फार तापलेला दिसला, की नकाशावर ठिपका उमटतो. दिल्लीची भारतीय कृषी संशोधन संस्था दरवर्षी १५ सप्टेंबर ते ३० नोव्हेंबर अशा ठिपक्यांची मोजदाद करते.

तिच्या मोजणीनुसार पंजाबात २०२० साली ८३,००२ आगी लागल्या. २०२२ ला ४९,९२२, २०२३ ला ३६,६६३ आणि २०२४ ला फक्त १०,९०९. आकडा बघून कोणीही म्हणेल, रोग बरा झाला.

मोजणीतली मेख

खरी गोम वेळेत आहे. हे उपग्रह एका जागेवरून ठरलेल्या वेळीच जातात, दुपारी साधारण दीडला आणि रात्री दीडला. चार वाजता पेटवलेले काड रात्रीपर्यंत विझून जाते. मग ठिपका कुठून उमटणार?

२०२४ च्या हंगामात नासाचे शास्त्रज्ञ हिरेन जेठवा यांनी नेमके यावर बोट ठेवले. दक्षिण कोरियाचा एक उपग्रह एकाच जागी स्थिर राहून दर दहा मिनिटांनी चित्र घेतो. त्या चित्रांत दुपार कलल्यावर धुराचे लोट दिसले. आगींचा आकडा घटला, पण हवेतील सूक्ष्म कणांचे प्रमाण त्या मानाने घटले नव्हते. मग असा स्थिर उपग्रहच का वापरू नये? तो सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. इतक्या लांबून लहानसहान आग नीट दिसत नाही.

म्हणून सगळी घट खोटी, असेही म्हणता येणार नाही. काड तसेच ठेवून त्यातच गहू पेरणाऱ्या हॅपी सीडरसारख्या यंत्रांना २०१८ पासून केंद्राचे अनुदान आहे आणि ती यंत्रे हजारो गावांत पोचली आहेत. पण नुसता ठिपक्यांचा आकडा बघून कोणाला शाबासकी देणे घाईचे होईल.

दंड आणि लाल शेरा

यात शेतकऱ्याचे काय अडकले आहे? नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्राने दंड दुप्पट केला. दोन एकरांखाली ५ हजार, दोन ते पाच एकरांना १० हजार, त्यावर ३० हजार रुपये. शिवाय पंजाबात जमिनीच्या नोंदीत लाल शेरा पडतो. आता हिशेब करा. या यंत्राच्या चित्रातला एक चौकोन ३७५ मीटरचा, म्हणजे जवळपास ३५ एकरांचा. त्यात पाच-दहा जणांची वावरे येतात. ठिपका म्हणजे गट नंबर नव्हे! म्हणून जागेवर जाऊन पंचनामा केल्याशिवाय कोणाच्या माथी दोष मारता येत नाही.

आपल्याकडे काय?

हेच उपग्रह आपल्या डोक्यावरूनही जातात. मेळघाट असो की गडचिरोली, जंगलात वणवा दिसला की डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडून वनखात्याला सूचना जाते. ही पद्धत २००४ पासून सुरू आहे. नाव नोंदवले तर सरपंच, ग्रामसेवक, वन व्यवस्थापन समिती यांनाही मोबाईलवर फुकट संदेश मिळतो. मोहफुले आणि तेंदूपानांच्या दिवसांत तो कामाचा आहे. मात्र पुढचा उपग्रह येईपर्यंत लागलेली आग त्याला ठाऊक नसते. तेवढ्या वेळात गावानेच लक्ष ठेवायला हवे.

उसाचे पाचट, पऱ्हाट्या, बांधावरचे गवत पेटवणाऱ्यांनीही पंजाबकडे बघावे. तिथे वीस दिवसांत दोन पिकांची सांधेजोड करायची असते. आपल्याकडे खोडव्यात पाचट सरीत पसरून ठेवायला सवड असते. त्याने ओल टिकते, कुजून खत होते. कोणी वरून बघत असो वा नसो, जळाले तर नुकसान आपल्याच जमिनीचे आहे.