अभिनेत्री दुर्गाबाई खोटे

१९१३ साली दादासाहेब फाळके यांनी 'राजा हरिश्चंद्र' हा चित्रपट तयार केला. सत्यासाठी राज्य सोडणाऱ्या राजाची ही कथा घरोघर ठाऊक होती. परंतु राणी तारामतीचे काम करावयास एकही स्त्री पुढे येईना. पुष्कळ शोध करूनही उपयोग झाला नाही. अखेर एका उपाहारगृहात काम करणाऱ्या अण्णा साळुंके या पुरुषाला लुगडे नेसवून फाळके यांनी ती भूमिका त्याच्याकडून करवून घेतली. त्याच वर्षी 'मोहिनी भस्मासुर' या त्यांच्या पुढच्या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या दोघींनी कामे केली हे खरे. तथापि प्रतिष्ठित घरातील स्त्रीने तोंडाला रंग लावणे त्या काळी कमीपणाचे समजले जाई. रंगभूमीवरही बालगंधर्वांसारखे नटच स्त्रीभूमिका करीत असत.

पुढे १९३२ साली तीच कथा पुन्हा पडद्यावर आली. कोल्हापूरच्या प्रभात फिल्म कंपनीने व्ही. शांताराम यांच्या दिग्दर्शनाखाली 'अयोध्येचा राजा' हा बोलपट काढला. मराठीतील पहिला बोलपट म्हणून तो ओळखला जातो. त्यात गोविंदराव टेंबे हरिश्चंद्र झाले होते आणि तारामती झाली होती मुंबईच्या एका सुखवस्तू, सुशिक्षित घरातील स्त्री. तिचे नाव दुर्गाबाई खोटे.

दुर्गाबाईंचा जन्म १४ जानेवारी १९०५ रोजी मुंबईस लाड घराण्यात झाला. त्यांचे शिक्षण कॅथीड्रल हायस्कूल व सेंट झेवियर महाविद्यालय या नामांकित संस्थांत झाले. विवाह होऊन त्या खोटे यांच्या घरी आल्या. तेथेही सुखसमृद्धी होती. पण ती टिकली नाही. घराची आर्थिक घडी विस्कटली, ऐन तारुण्यात वैधव्य आले, आणि दोन लहान मुलांच्या संगोपनाचा भार एकट्या दुर्गाबाईंवर येऊन पडला. कोणापुढे हात पसरण्यापेक्षा स्वतःच्या कष्टाची भाकरी बरी, असा त्यांचा बाणा होता.

चित्रपटात त्यांचे पहिले पाऊल पडले ते १९३१ सालच्या 'फरेबी जाल' या चित्रपटातील एका छोट्याशा भूमिकेने. त्या चित्रपटाने नाव तर मिळाले नाहीच. उलट खानदानी घरातील मुलीने हे काय आरंभिले, म्हणून लोकांची बोलणी मात्र खावी लागली. एखादी व्यक्ती तेथेच खचली असती. परंतु प्रभात कंपनीचे बोलावणे आले, तेव्हा दुर्गाबाईंनी पुन्हा धीर केला.

बोलपटाचे काम त्या काळी सोपे नव्हते. 'आलम आरा' हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट १९३१ सालीच प्रदर्शित झाला होता. त्यामुळे सर्वच मंडळी नवशिकी होती. मूकपटात केवळ हावभाव पुरत. बोलपटात मात्र शुद्ध वाणी आणि स्वच्छ उच्चार हवे होते. नटाऐवजी दुसऱ्याने गाण्याची सोय तेव्हा नव्हती. ज्याची भूमिका त्यानेच चित्रीकरणाच्या वेळी गावे लागे. संवाद चुकला किंवा सूर ढळला, तर सारे दृश्य पुन्हा घ्यावे लागे. 'अयोध्येचा राजा' मराठीप्रमाणे हिंदीतही निघाला, म्हणून तारामतीचे काम दोन्ही भाषांत करणे प्राप्त होते. दुर्गाबाईंनी ही सारी कसोटी पार पाडली. त्यांची धीरगंभीर मुद्रा व भारदस्त वाणी प्रेक्षकांना फार आवडली. ज्या समाजाने नाके मुरडली होती, त्यानेच आता त्यांचे कौतुक केले. सुशिक्षित घरांतील अन्य मुलींनाही या क्षेत्राची वाट त्यामुळे थोडी सुकर झाली.

प्रभात कंपनी १९३३ साली कोल्हापुराहून पुण्यास आली. तेथे १९३६ साली निघालेल्या 'अमर ज्योती' या चित्रपटात दुर्गाबाईंनी सौदामिनीची भूमिका केली. अन्यायी कायदा आपले मूल हिरावून घेतो म्हणून ही स्त्री बंड करते आणि समुद्रावर चाचेगिरी करणाऱ्यांची नायिका बनते. रडणारी अबला नव्हे, तर अन्यायाला जाब विचारणारी स्त्री प्रेक्षकांनी येथे पाहिली. हा चित्रपट इटलीतील व्हेनिसच्या महोत्सवातही दाखविला गेला.

त्या काळी बहुतेक नट एखाद्या कंपनीत मासिक वेतनावर नोकरी करीत व त्याच कंपनीच्या चित्रपटांत कामे करीत. दुर्गाबाईंनी मात्र स्वतःला एकाच कंपनीशी बांधून घेतले नाही. कधी पुणे, कधी मुंबई, तर कधी दूरचे कलकत्ता, असे जेथे चांगले काम असेल तेथे त्या जात. १९३७ साली त्यांनी 'साथी' या चित्रपटाची निर्मिती व दिग्दर्शनही केले. स्त्रीने पडद्यामागे राहून चित्रपट घडविणे ही गोष्ट तेव्हा फारच दुर्मीळ होती.

चित्रपटातील नायिकेचे दिवस थोडे असतात. वय वाढू लागले की नव्या नायिका येतात व जुन्यांचा विसर पडतो. दुर्गाबाईंनी हे सत्य वेळीच ओळखले. १९४१ सालच्या 'पायाची दासी' या चित्रपटात त्यांनी सुनेला छळणाऱ्या सासूची भूमिका स्वीकारली. त्या वेळी त्यांचे वय अवघे छत्तीस होते! पुढच्याच वर्षी 'भरत मिलाप' या हिंदी चित्रपटात त्या कैकेयी झाल्या. प्रेक्षकांनी राग करावा अशा या व्यक्ती; पण दुर्गाबाईंनी त्यांतही जीव ओतला. भूमिका लहान की मोठी, गोड की कडू, यापेक्षा ती माणसासारखी वाटते की नाही, हे त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते. १९६० सालच्या 'मुगल-ए-आझम' मध्ये त्यांनी जोधाबाई साकारली. एकीकडे बादशहा पती, दुसरीकडे बंडखोर पुत्र, आणि मध्ये होरपळणारी आई! त्या मातेची व्यथा देशभरच्या लोकांच्या मनाला भिडली.

शहरांतील चित्रपटगृहांपुरतीच ही कला मर्यादित नव्हती. जत्रेच्या दिवसांत फिरत्या तंबूंमधून चित्रपट दाखविले जात. बारामती, इंदापूर या पुणे जिल्ह्यातील भागांसारख्या शेतीप्रधान मुलुखातही दिवसभराच्या कामानंतर माणसे जमिनीवर बसून पडद्यावरील सुखदुःखांत रमून जात. ज्यांनी कधी मुंबई पाहिली नाही, त्यांनाही दुर्गाबाईंसारख्या कलावंतांचे चेहरे अशा रीतीने ओळखीचे झाले.

रंगभूमीचीही त्यांनी मनोभावे सेवा केली. १९५८ साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६८ साली भारत सरकारने त्यांना 'पद्मश्री' हा किताब दिला. 'बिदाई' या १९७४ सालच्या चित्रपटातील आईच्या भूमिकेबद्दल फिल्मफेअर पारितोषिक मिळाले, तेव्हा त्यांनी सत्तरीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवले होते. १९८३ सालचा दादासाहेब फाळके पुरस्कारही त्यांना लाभला. तारामतीसाठी वणवण करूनही ज्यांना एक स्त्री मिळाली नव्हती, त्याच फाळके यांच्या नावाचा हा सन्मान! तो पडद्यावर तारामती झालेल्या दुर्गाबाईंना मिळावा, हे किती यथोचित!

काळ बदलला, तशी करमणुकीची साधनेही बदलली. १९७२ साली मुंबईत दूरदर्शन केंद्र सुरू झाले आणि चित्रे घरात येऊन बोलू लागली. दुर्गाबाई या नव्या साधनाला बिचकल्या नाहीत. जाहिराती व माहितीपट तयार करणारी त्यांची स्वतःची संस्था होती. त्या संस्थेने १९८८ साली दूरदर्शनसाठी 'वागले की दुनिया' ही मालिका काढली. व्यंगचित्रकार आर. के. लक्ष्मण यांच्या कल्पनेतून उतरलेला, तुटपुंज्या पगारात संसार चालविणारा साधाभोळा कारकून वागले घरोघरी लाडका झाला. राजेराण्यांच्या बोलपटापासून आरंभ झालेला दुर्गाबाईंचा प्रवास सामान्य माणसाच्या दारापर्यंत येऊन पोहोचला.

'मी, दुर्गा खोटे' हे त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध आहे. २२ सप्टेंबर १९९१ रोजी त्यांचे निधन झाले. २०१३ साली, भारतीय चित्रपटाच्या शताब्दीच्या निमित्ताने, टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले.

दुर्गाबाईंनी पन्नासांहून अधिक वर्षे काम केले. संकटाने त्यांना या क्षेत्रात आणले. परंतु त्यांना तेथे टिकविले ते त्यांच्या मेहनतीने व स्वाभिमानाने. लोकांनी हलके मानलेले काम त्यांनी इतक्या निष्ठेने केले की, अखेर त्या कामालाच प्रतिष्ठा लाभली.