घरगुती उष्णता पंप जलतापक

उष्णता पंप जलतापक हे हवेतील उष्णता शोषून ती टाकीतील पाण्यास देणारे विद्युत उपकरण होय. साध्या गिझरमध्ये विजेचे थेट उष्णतेत रूपांतर होते. उष्णता पंपात मात्र वीज केवळ उष्णता एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी वाहून नेण्यास लागते. म्हणून तेवढेच पाणी तापविण्यास साधारणतः एक-तृतीयांश वीज पुरते. किंमत, आकारमान व वजन या तिन्ही बाबतींत हे उपकरण गिझरहून मोठे असल्याने ते प्रत्येक घरास सोयीचे ठरतेच असे नाही. ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या शहरांत जुन्या इमारती, नवी गृहसंकुले आणि स्वतंत्र घरे जवळजवळ आढळतात. त्यामुळे निवडीचे निकष या परिसरात स्पष्टपणे पाहता येतात.

कार्यतत्त्व

उष्णता पंपाची रचना शीतकपाटासारखीच असते. शीतकपाट आतील उष्णता बाहेर टाकते, तर उष्णता पंप बाहेरच्या हवेतील उष्णता टाकीत आणतो. कमी तापमानाला उकळणारा प्रशीतक नावाचा पदार्थ हवेतील उष्णता घेऊन वायुरूप होतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबतो, तेव्हा त्याचे तापमान वाढते. हा तप्त वायू पाण्यास उष्णता देऊन पुन्हा द्रवरूप होतो आणि चक्र सुरू राहते.

पाण्यास मिळालेली उष्णता आणि खर्च झालेली वीज यांच्या गुणोत्तरास कार्यगुणांक म्हणतात. हवा जितकी उबदार, तितका तो अधिक असतो. कोकणाच्या उष्ण व दमट हवेत घरगुती उपकरणाचा कार्यगुणांक ३ च्या आसपास सहज मिळू शकतो.

इतिहास

उष्णता पंपाची कल्पना विल्यम थॉमसन ऊर्फ लॉर्ड केल्व्हिन यांनी १८५२ मध्ये मांडली. त्यानंतर थोड्याच वर्षांत ऑस्ट्रियातील पेटर फोन रिटिंगर यांनी मिठागरातील खारे पाणी आटविण्यासाठी या तत्त्वावरील यंत्र उभारले. जपानमध्ये २००१ पासून कार्बन डायऑक्साइड हा प्रशीतक वापरणारे घरगुती जलतापक विक्रीस आले.

महाराष्ट्रातील घरांत पूर्वी लाकूड, कोळसा वा नारळाच्या करवंट्यांवर चालणारा तांब्याचा बंब प्रचलित होता. पुढे विजेचा गिझर आणि गॅस गिझर यांनी त्याची जागा घेतली.

निवडीचे निकष

गरम पाण्याची गरज : पाच माणसांच्या कुटुंबात प्रत्येकी २० लिटरची एक बादली धरल्यास रोज १०० लिटर गरम पाणी लागते. हे पाणी २५ अंश सेल्सिअसवरून ४० अंशांपर्यंत तापविण्यास सुमारे १.७५ युनिट उष्णता लागते. गिझर निदान तेवढीच वीज घेतो. कार्यगुणांक ३ असलेल्या उष्णता पंपास सुमारे ०.६ युनिट पुरते. महिन्याची बचत सुमारे ३५ युनिट होते. एकत्र कुटुंबात किंवा दोन-तीन स्नानगृहांच्या घरात रोज ३०० लिटर पाणी लागत असल्यास हीच बचत १०५ युनिटच्या आसपास जाते. महावितरणचा घरगुती वीजदर १०० व ३०० युनिट या सीमांनंतर वाढत असल्याने अधिक वापराच्या घरास बचतीचा लाभही अधिक मिळतो. याउलट, केवळ थंडीच्या दिवसांतच गरम पाणी वापरणाऱ्या लहान कुटुंबास उपकरणाची किंमत भरून निघण्यास फार काळ लागतो. अशा घरास तारांकित लहान गिझरच योग्य ठरतो.

वजन : २०० लिटरच्या टाकीत केवळ पाण्याचेच वजन २०० किलो असते. अशी टाकी भिंतीवर टांगता येत नाही, तसेच माळ्यावर वा गॅलरीच्या पुढे आलेल्या भागावर ठेवणे धोक्याचे असते. मे २०२१ मध्ये उल्हासनगरात दोन इमारतींचे स्लॅब कोसळून जीवितहानी झाली होती. जुन्या इमारतीत मोठी टाकी बसविण्यापूर्वी संरचना अभियंत्याचा सल्ला आणि गृहनिर्माण संस्थेची परवानगी घेणे आवश्यक आहे.

जागा : उपकरणास खेळती हवा लागते. बंद खोलीत ते स्वतःच्याच थंड हवेत चालते आणि त्याची क्षमता घटते. हवेतील बाष्पाचे पाणी सतत ठिबकत असल्याने निचऱ्याची नळीही आवश्यक असते.

पूर : उल्हास नदीच्या काठचा सखल भाग पूरप्रवण आहे. २६ जुलै २००५ च्या अतिवृष्टीत हा परिसर जलमय झाला होता, तर २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर-वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती. अशा भागात कॉम्प्रेसर जमिनीवर न ठेवता उंच ओट्यावर किंवा गच्चीवर बसविणे हितावह असते.

प्रशीतक : आर-१३४ए या प्रशीतकाची तापमानवाढीची क्षमता कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटींहून अधिक आहे, प्रोपेनची अत्यल्प आहे. मात्र प्रोपेन ज्वलनशील असल्याने ते वापरणारे उपकरण मोकळ्या जागी व प्रशिक्षित तंत्रज्ञाकडूनच बसवावे लागते.

अन्य साधनांशी तुलना

गॅस गिझर पाणी तत्काळ तापवितो. परंतु बंद स्नानगृहात त्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा रंगहीन, गंधहीन विषारी वायू साचून मृत्यू ओढवू शकतो. उष्णता पंपात ज्वलन होत नसल्याने हा धोका नसतो. सौर जलतापक सर्वांत कमी वीज घेतो, पण त्यास गच्चीवर सूर्यप्रकाश लागतो आणि पावसाळ्यात त्याचा उपयोग कमी होतो. उष्णता पंप पावसात व रात्रीही चालतो.

मर्यादा व देखभाल

उष्णता पंप पाणी सावकाश तापवितो. २ किलोवॉट उष्णता देणाऱ्या उपकरणास २०० लिटर पाण्याचे तापमान ३० अंशांनी वाढविण्यास सुमारे साडेतीन तास लागतात. म्हणून पाणी आदल्या रात्री किंवा पहाटे तापवून ठेवावे लागते. साठविलेल्या कोमट पाण्यात लीजिओनेला हे जीवाणू वाढू शकत असल्याने पाणी अधूनमधून ६० अंशांपर्यंत तापविण्याची सोय उपकरणात असावी. कूपनलिकेचे पाणी दुष्फेन असल्यास टाकीत क्षारांचा थर साचतो. टाकीस गंजापासून वाचविणारा मॅग्नेशिअमचा दांडा हळूहळू झिजतो. तो वेळेवर न बदलल्यास टाकी गळू लागते. हवेच्या जाळीची स्वच्छता आणि दाबमुक्ती झडपेची नियमित तपासणीही आवश्यक असते. परिसरात दुरुस्तीची सोय आणि सुटे भाग उपलब्ध आहेत किंवा कसे, हे खरेदीपूर्वीच पाहणे इष्ट होय.